हळदीनं बुजवलेली गळती

माझी गाडी पाणी पिऊन राह्यली होती आणि हे मले महिनाभर माहीत होतं. कोणाले सांगितलं नाई. चाळीस वर्षं डिझेलच्या इंजिनावर काढली मी. आधी बांबूचे ट्रक चालवले, मग लाकडाच्या डेपोतल्या गाड्या, आणि आता ही माझी सोताची जुनी डिझेल जीप. चवथी नापास माणूस आहो. पण इंजिन चालू करून बोनेटवर हात ठेवला का त्याच्या पोटात काय दुखते ते सांगतो, असं मी चारचौघात म्हणत होतो, आणि लोक मान डोलावत होते. मग त्याच लोकाईत जाऊन म्हणू कसा, का माझ्याच गाडीचं पाणी कुठी चाल्लं ते मले सापडत नाई?

आता गाडी माझ्या एकट्यासाठी असती तर गोष्ट वेगळी. बुढीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, दोन्ही किडन्या कामातून गेल्या. हप्त्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, चंद्रपूरच्या दवाखान्यात तिचं रक्त मशीनवर धुवा लागते. नऊचा नंबर. आमचं गाव आलापल्लीच्या अंगाले, जंगलात. फटफटताना निघालो, आष्टीचा पूल पार केला, गोंडपिपरी, बल्लारशा करत गेलो, तर नऊच्या आत पोचतो. नऊ हुकले का मशीन दुसऱ्याले देते. डॉक्टरनं मले समोर बसवून सांगितलं होतं: "बाबा, एक पाळी चुकली तर पायावर सूज येईल. दुसरी चुकली तर पाणी छातीत चढेल. दुसरी चुकवू नका." म्हणजे गाडी उभी राह्यली तर बुढी जाते. मले ते बरोबर समजलं होतं. समजलं नव्हतं असं आता म्हणता येत नाई.

पोरगा कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात आहे. तो दर फोनवर म्हणे, "बाबा, ती गाडी म्हातारी झाली. मी भाड्याची लावून देतो ना."

"म्हातारा तर मीही झालो," मी म्हणलं. "मले कोणत्या भंगारात देतोस?"

तो हसे आणि फोन मायले दे म्हणे.

पाणी कमी होते हे पहिल्यांदा दिसलं होळीच्या मांगंपुढं. गोंडपिपरीच्या पुढं गरमीचा काटा नेहमीच्या जागेवरून दोन बोटं वर चढला. घरी येऊन थंड झाल्यावर रेडिएटरचं झाकण काढलं तर एक लोटा पाणी मावलं. मी पाइप पाह्यले, पाइपाच्या पट्ट्या आवळल्या, पाण्याच्या पंपाखाली बोट फिरवलं. कोरडं. गाडीखाली पांढरं पोतं अंथरून ठेवलं. सकाळी त्यावर एक डाग नाई. इंजिनचं तेल पाह्यलं, त्यात पाणी नाई. सायलेन्सरातून पांढरा धूर नाई. म्हणजे गाडी उभी असली का गळत नाई, आणि चालली, तापली का पाणी कुठीतरी जाते. अशी गळती लय लबाड असते.

तवा मी हळद टाकली.

आमच्या ट्रकच्या लाइनीत ही जुनी रीत आहे. रस्त्यात रेडिएटर पाझरला, जवळ ना गाव ना दुकान, तर ड्रायव्हर कोणाच्याही चुलीपासून मूठभर हळद मागून पाण्यात टाकते. हळद फुगते, बारीक भोकात जाऊन बसते आणि पाणी थांबते. मले ज्यानं ट्रक शिकवला त्या उस्तादानं हे दाखवलं होतं. आणि दाखवताना बजावलंही होतं का घरी पोचलास का त्याच दिवशी टाकी धुवून काढ, हळद घरी पोचापुरती असते. मी त्याच्या सांगण्यातलं पह्यलं अर्धं लक्षात ठेवलं.

बुढी नहाले गेली होती. सैपाकघरातल्या डब्यातून दोन मुठी घेतल्या, पाण्यात कालवल्या, ओतल्या. पुढचे अकरा दिवस पाणी तसूभर उतरलं नाई. मी पोराले फोन करून सांगितलं, "गाडी एकदम टकाटक आहे." बाराव्या दिवशी पुन्हा लोटाभर पाणी मावलं. पुन्हा हळद. मग आठच दिवसांनी. मग पाचच. चवथ्या वेळी डब्यात हात घातला तर बुडाले नखं लागली.

मग तो शुक्रवार आला. मोहाची फुलं पडत होती, जंगलात बाया-माणसं टोपल्या घेऊन वाकलेले होते. आलापल्ली आणि आष्टीच्या मधात, जिथी फोनले टॉवर भेटत नाई, तिथी काटा लालमध्ये गेला. बोनेट उघडलं तर रेडिएटर शिट्टी मारत होता. वरचा पाइप हाताले भाजे आणि खालचा गारठोण. ज्याले इंजिन कळते त्याले ह्या दोन पाइपांनीच सांगितलं असतं का पाणी रेडिएटरमधून उतरूनच नाई राह्यलं, आतल्या नळ्या बुजल्या. मले तिथीच सांगितलं. चार वेळची हळद तिथी बसली होती.

फुलं वेचणारी एक गोंड बाई टोपली ठेवून आली. बुढीचं तोंड पाहून तिनं आपला पाण्याचा तुंबा पुढं केला. वाळलेल्या भोपळ्याचा तो तुंबा, त्यातलं पाणी उन्हातही थंड राह्यते. बुढीनं हात जोडले. "नको बाई. मले डॉक्टरनं दिवसाचे दोन गिलास सांगितले, मोजून."

त्या बाईले काही समजलं नाई. इतक्या तापत्या दिवसात पाण्याले नाई म्हणणारं माणूस तिनं पाह्यलं नसन. बुढीनं बोटं ओली करून ओठाले लावली आणि तुंबा माझ्याकडे सरकवला. "याच्या गाडीले दे. तिले मोजमाप नाई."

मी इंजिन थंड होऊ दिलं, मग ते पाणी ओतलं. अर्धा कोस नाई गेलो तर पुन्हा काटा लाल. साडेसात वाजून गेले होते. एक खनिजाचा ट्रक थांबला. ड्रायव्हर बाहेरमुलखातला. त्यानं वरून पाह्यलं आणि म्हणाला, "चाचा, बिठा तो लूँगा, मगर माताजी चढेगी कैसे?"

चढवली. मी खालून तिचे पाय धरून वर ढकलले. माझी बोटं तिच्या पोटरीत रुतली आणि काढली तरी तिथी पाच खड्डे तसेच राह्यले. ते मी पाह्यले. तिनंही पाह्यले.

दवाखान्यात अकरा वाजले. तिच्या मशीनवर दुसराच कोणी निजला होता. तिथली सिस्टर चिडली. "बाबा, नऊ म्हणजे नऊ. काय झालं?"

"टायर फुटला," मी म्हणलं.

बुढीनं माझ्याकडे पाह्यलं. तीन वाजता मशीन खाली झालं तवा तिले दोन तास भेटले, चारच्या जागी. सिस्टर म्हणाली, "अर्धंच झालं आहे. मंगळवार कोणत्याही हालतीत चुकवू नका." आम्ही एसटीनं परत आलो. ती खिडकीले डोकं टेकवून बसली होती आणि दर गड्ड्यावर डोकं आदळत होतं. मी हात मधात ठेवला तर तिनं तो हळूच बाजूले सारला.

शनिवारी ट्रॅक्टरनं गाडी ओढत आलापल्लीच्या मिस्त्रीकडे नेली. चाळीशीचा माणूस आहे, हात चांगला, तोंड वाईट. त्यानं रेडिएटर काढून खालची टाकी खोलली आणि आत पाहून दुकानातल्या सगळ्याईले बोलावलं.

"या रे या! भाऊनं आत लोणचं घातलं. आंब्याच्या फोडी तेवढ्या राह्यल्या."

"मांगच्या मालकानं टाकलं असन," मी म्हणलं.

"मांगच्या? चवदा वर्षं झाले गाडी तुमच्याकडे आहे ना, भाऊ?"

"मंग? हळद काय सडते का?"

सगळे हासले. तो नाई हासला. त्यानं पिवळा गाळ बोटावर घेतला आणि वास घेऊन पुसला. दोन दिवस त्यानं नळ्यांत सळ्या घालून रेडिएटर साफ केला. रविवारी बसवून पाणी भरलं आणि गाडी चालवली, तर हळद गेल्यामुळं गळती आधीपेक्षा वाढलेली. रेडिएटरच्या झाकणाले सायकलच्या ट्यूबचा वॉल बसवून त्यानं हातपंपानं हवा भरली. कुठीतरी सूं आवाज येते, पण कुठी ते समजत नाई.

"इंजिनच्या हेडचं गॅस्केट गेलं असन," तो म्हणाला. "हेड खोला लागन. बुधवारी देतो."

"बुधवार नाई चालत. मंगळवारी बुढीले न्याचं आहे. आणि हेड चांगलं आहे, तेलात पाणी नाई."

"मंग पाणी कुठी चाल्लं? मोहाच्या झाडावर?"

"मी पाह्यतो माझं."

"पाहा ना. इतके दिवस तेच केलं ना तुमी?"

त्या बोलण्याचा राग घेऊन मी गाडी घरी आणली, रस्त्यात दोनदा थांबून पाणी टाकत. अंगणात चार विटांवर पुढची चाकं चढवली आणि खाली निजलो. बुढी बाजेले टेकून बसली होती, पाय उशीवर ठेवून. दोन शब्द बोलली तरी तिले दम लागे. ती म्हणाली, "पोराले फोन लावा. मंगळवारची गाडी सांगून ठेवा."

"काही गाडी लागत नाई."

"मी काय म्हणून राह्यली ते ऐका तरी."

"लागत नाई म्हणलं ना एकदा!"

खालून मी सगळं पुसत गेलो. इंजिन जिथी गिअरबॉक्सले जोडलेलं असते, त्या जोडाच्या खालच्या बाजूले तपकिरी ओघळ वाळलेला होता. जुनं ऑइल नाईतर गंज, दोन्हीपैकी काही. जुन्या गाडीत असे ओघळ जागोजागी असते, म्हणून ह्या ओघळाकडे मी आधी चार वेळा पाह्यलं आणि चार वेळा सोडून दिलं. या वेळी फडक्यानं पुसला आणि फडकं बाहेर फेकलं. ते बुढीच्या पायाशी पडलं.

"हे काय?" तिनं विचारलं.

"गंज."

तिनं ते उचललं. उलटंपालटं केलं. मग म्हणाली, "कपडे धुवाचा साबण आणा."

"कशाले?"

"आणा म्हणते ना."

आणून दिला. तिनं फडक्याचा कोपरा ओला केला आणि डागावर साबण घासला. तपकिरी डाग लालभडक झाला, कुंकवासारखा. हळदीच्या डागाले साबण लागला का तो लाल होते, हे घरातल्या कोणत्याही बाईले माहीत असते. चाळीस वर्षं इंजिन करणाऱ्याले माहीत नव्हतं.

"गंज लाल होत नाई," ती म्हणाली. "ही माझी हळद आहे. जिथून पाणी निंगते तिथूनच तीही निंगली."

मी खालीच निजून राह्यलो. बाहेर याले तोंड नव्हतं.

"डब्यातली हळद चार वेळा उतरली. मले काय वाटलं असन, उंदरं हळद खाते?" तिले बोलता बोलता थांबा लागे, दम घेऊन पुन्हा बोले. "मी म्हणलं, हे आज सोताहून सांगतीन, उद्या सांगतीन. शुक्रवारी ट्रकमधी चढली तवाही म्हणलं, आता तरी सांगतीन. तुमी सिस्टरले टायर म्हणले. माझ्यासमोर म्हणले."

"अवं, मी..."

"फोन द्या इकडे."

मी फोन दिला. तिनं पोराले सोता लावला. ओरडली नाई, माझी तक्रारही केली नाई. इतकंच म्हणाली, "मंगळवारी पहाटे गाडी पाठव. तुझ्या बाबाची गाडी बिघडली आहे." पोरानं तिकडून काय विचारलं मले ऐकू नाई आलं. ती म्हणाली, "हो, त्याईले माहीत आहे."

आता गळती कुठी आहे हे मले समजलं होतं. इंजिनच्या पाठीले, गिअरबॉक्सच्या आड, पाण्याच्या खोलीवर पत्र्याची एक वाटोळी टिकली ठोकलेली असते. आम्ही तिले डमी म्हणतो. ती गंजून भोक पडलं का पाणी गिअरबॉक्सच्या खोळीत उतरते, आणि तिथली गरमी त्याची वाफ करून टाकते. म्हणून पोतं कोरडं राह्यत होतं. पण त्या डमीले हात लावाचा तर अख्खा गिअरबॉक्स उतरवा लागते, आणि ते काम एकट्याचं नाई. माझ्यासारख्याचं तर नाईच.

सोमवारी सकाळी मी मिस्त्रीच्या दुकानासमोर उभा राह्यलो. तो चहा पिऊन राह्यला होता.

"हळद मी टाकली होती," मी म्हणलं. "चार वेळा."

तो उठला नाई. "ते मले शनिवारीच माहीत होतं, भाऊ. माणूस सांगते का नाई, इतकंच पाहाचं होतं." मग म्हणाला, "शनिवारी सांगितलं असतं तर मी हळदीचा माग काढला असता. तुमच्यामुळं दोन दिवस गेले. आणि ते दोन दिवस माझे नव्हते."

ते बोलणं मले आजही खुपते, कारण ते दिवस बुढीचे होते.

आम्ही जुन्या टायरांवर गिअरबॉक्स उतरवला. क्लच काढला, फ्लायव्हील काढलं. मांगं डमी दिसली. तिच्या खालच्या काठाले मोहरीएवढं भोक, आणि भोकाभोवती पिवळं कडं, भंडारा लावलेल्या देवासारखं. मिस्त्रीनं जुनी टिकली छन्नीनं वाकडी करून ओढून काढली. आतून ती कागदासारखी पातळ झाली होती. त्यानं ती माझ्या हातावर ठेवली. "विहिरीचं पाणी ओतता ना? चवदा वर्षं?" मी हो म्हणलं. आमच्या विहिरीचं पाणी खारं, भांड्यावर पांढरं बसते. कुलंट म्हणून जे हिरवं पाणी भेटते ते मी कधी घेतलं नाई. शहरातल्या गाड्याईचे लाड आहे ते, असं म्हणत होतो. त्यानं नवीन डमीच्या काठाले शेलॅक, म्हणजे चिकटणारी लाख, लावलं आणि मापाच्या पान्यावर हातोडी मारून ती बसवली. पाच-सहा ठोके, चहुबाजूनं सारखे. मग गिअरबॉक्स चढवला, हिरवं पाणी भरलं आणि पुन्हा सायकलच्या पंपानं हवा भरली. कान लावला. आवाज नाई. दिवस मावळायच्या आत मी गाडी आष्टीपर्यंत नेऊन आणली. झाकण काढलं तर पाणी काठोकाठ.

घरी येऊन मी बुढीले सांगितलं, "झाली. आता काही होत नाई." या वेळी ते खरं होतं. पण महिनाभर मी याच तोंडानं, याच शब्दात खोटं बोललो होतो. खऱ्यासाठी वेगळे शब्द माझ्याजवळ नव्हते.

"बरं," ती म्हणाली. पोराले फोन करून गाडी नको, असं मात्र तिनं म्हणलं नाई.

मंगळवारी पहाटे अंगणात दोन गाड्या उभ्या होत्या. माझी जीप, आणि पोरानं पाठवलेली पांढरी गाडी. तिचा ड्रायव्हर लेकरंबाळं असलेला, शांत माणूस. बुढी दारात उभी राह्यली, चौकटीले धरून. मी जीपचं दार उघडून धरलं. ड्रायव्हर बिचारा इकडे पाहे, तिकडे पाहे.

ती माझ्या गाडीत बसली. मले बरं वाटलं, लपवत नाई. मग तिनं काचेतून त्याले सांगितलं, "भाऊ, तू मांगं मांगं ये. थांबू नको कुठी."

तसे आम्ही गेलो. सगळ्या जंगलात आरशामध्ये ती रिकामी पांढरी गाडी. आष्टीच्या पुलाआधी ती म्हणाली, "थांबवा. पाणी दाखवा." मी थांबवलं. थंड होऊ दिलं, फडकं ठेवून झाकण काढलं. ती उतरून आली, वाकून पाह्यलं. तो ड्रायव्हरही उतरून पाहून गेला. पाणी तसूभर कमी नव्हतं. मले वाटलं आता म्हणन, जा भाऊ तू परत. तिनं म्हणलं, "चला." आणि ती गाडी चंद्रपूरपर्यंत मांगं आली. नवाले वीस कमी असताना पोचलो. चार तास मशीन भेटलं. संध्याकाळी तिच्या पोटरीवर बोट दाबून पाह्यलं, खड्डा लवकर भरला.

गुरुवारी पोराचा फोन आला. "बाबा, उद्याले गाडी पाठवू का?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. चाळीस वर्षं तयार होतं. मी फोन बुढीच्या हातात दिला आणि म्हणलं, "तूच सांग."

तिनं माझ्याकडे पाह्यलं. मग फोनमध्ये म्हणाली, "पाठव. तुझे बाबा माझ्यासंग मांगं बसतीन."

शुक्रवारी मी मांगं बसलो. तिचे पाय माझ्या मांडीवर होते. तो ड्रायव्हर गड्डा आला का गाडी अलगद उतरवत होता, मले जमते त्यापेक्षा अलगद. त्याच्या गाडीचा काटा मले मांगून दिसत नव्हता. खोटं काऊन बोलू, मले ते आवडलं नाई. बुढी मात्र गोंडपिपरीपर्यंत झोपली.